घसारा वजा जाता

माणसाला नाद कशाचा लागावा, याला काही नियम नाही. कुणाला नाटकाचा लागतो, कुणाला पत्त्यांचा, कुणाला होमिओपॅथीचा. आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते, त्यांना जुनी घड्याळं जमवायचा नाद होता. घरात एकतीस घड्याळं आणि गृहस्थ रोज बँकेत उशिरा. पण या सगळ्या नादांत एक सोय असते. नाद करणारा माणूस आणि नादाची वस्तू, दोन्ही घरात मावतात. ज्याला जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप गाड्यांचा नाद लागला, त्याचं तसं नाही. तिथं वस्तू अंगणात असते आणि माणूस वस्तूच्या खाली असतो. त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याच्या पायांशी बोलावं लागतं.

माझ्या बायकोचे थोरले बंधू जुन्नर तालुक्यात शेती करतात. गेल्या वीस वर्षांत मी त्यांचा चेहरा जितक्या वेळा पाहिला असेल, त्याच्या दुपटीनं त्यांचे पाय पाहिले आहेत. आम्ही फाटकातून आत शिरलो की गाडीखालून आवाज येतो, "या दाजी! तेवढा सतरा-एकोणीसचा पाना द्या." कुशल विचारायची ही त्यांची पद्धत. पाना हातात पडला की मग पुढची चौकशी: "प्रवास बरा झाला ना?" मी पायांकडे बघून मान डोलावतो.

ही गाडी म्हणजे १९७० साली माझ्या सासऱ्यांनी घेतलेली महिंद्राची एफसी. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. तुम्ही म्हणाल, मराठीत सांगा. मराठीत सांगायचं तर, नाक नसलेली जीप. नेहमीच्या जीपला पुढे लांब नाक असतं, त्यात इंजिन असतं, त्यामागे चालक. हिच्यात चालक उचलून थेट पुढच्या चाकांच्या वर नेऊन बसवलाय आणि इंजिन त्याच्या शेजारी, पत्र्याच्या पेटीखाली. समोर सपाट तोंड आणि दोन गोल डोळे. गावानं पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं, "नकटी". आरसी बुकात काय नाव आहे ते आरटीओला ठाऊक, आळ्यापासून ओतूरपर्यंत तिला नकटीच म्हणतात.

नकटीचं कुळ मात्र थोर आहे. मेव्हणे ते इतक्या भक्तिभावानं सांगतात की ऐकताना चप्पल काढावीशी वाटते. १९४० साली अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पहिला नमुना करून दाखवला, आणि मोठ्या ऑर्डरी मात्र गेल्या विलीज आणि फोर्ड यांच्याकडे. (हे ऐकलं की मला आमच्या बँकेतल्या बढत्या आठवतात.) महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या. लढाई संपली, आता एवढ्या मोठ्या कारखान्यानं करायचं काय? तेव्हा टोलेडो गावच्या विलीज कंपनीनं जीपचंच तोंड ठेवून मागे लांब हौदा जोडला आणि १९४७ साली शेतकऱ्यासाठी पिकअप काढली. डॉजनं त्याच्या आदल्या साली आपल्या लष्करी ट्रकला साध्या कपड्यांत आणून 'पॉवर वॅगन' या नावानं विकायला सुरुवात केली होती. ती अमेरिकेत १९६८ पर्यंत जवळपास त्याच तोंडवळ्यानं विकली जात होती. आता बाविस वर्षं चेहरा न बदलणारी गाडी बघून मोटारवाल्यांना नवल वाटत असेल. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला वाटत नाही.

नकटीची मूळ आवृत्ती विलीजनं १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली. तिचं रूप ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या नामांकित रचनाकारानं ठरवलं होतं. गाडी लांबीला जेमतेम सव्वाबारा फूट आणि त्यात हौदा सहा फुटांहून जास्त. म्हणजे जागेचा हिशेब असा की, पुण्यातल्या बिल्डरनं मान खाली घालावी. इकडे मुंबईत महिंद्रा विलीजच्या जीप जोडत होतीच. १९६५ पासून त्यांनी हलकी मालवाहू वाहनंही सुरू केली, आणि ही नकटी आपल्याकडे आली. तिकडे अमेरिकेत त्याच वर्षी ती बंद झाली. माहेर सुटलं आणि सासरी नांदली.

आता फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे काय, हे मी मेव्हण्यांकडून चौदा वेळा ऐकलं आहे, त्यामुळे पंधराव्यांदा तुम्हांला सांगायला हरकत नाही. सगळ्या गाड्यांना चाकं चार असतात, पण बहुतेक गाड्यांत काम दोनच करतात, उरलेली दोन नुसती बरोबर जातात. हे वाचून कुणाला आपलं ऑफिस आठवलं तर तो योगायोग समजावा. नकटीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला म्हणतात ट्रान्स्फर केस. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलो होतो. आमच्याकडे ट्रान्स्फर केस म्हणजे गडचिरोली. इथं मात्र ही पेटी इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही वळवते. तिला दोन छोटे दांडे असतात. एकानं पुढची चाकं कामाला लागतात. दुसऱ्यानं 'लो' पडतो, म्हणजे वेग अडीचपट कमी आणि चाकांवरचा जोर अडीचपट जास्त. मी कॉमर्सचा पदवीधर. ही गोष्ट मला तात्काळ पटली, कारण यात फुकट काही मिळत नाही. वेगाच्या खात्यातून जेवढं काढलं, तेवढं जोराच्या खात्यात जमा. ताळेबंद जुळतो.

एक पथ्य मात्र असतं. चारही चाकांचा दांडा टाकून डांबरी रस्त्यावर वळायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून आपसांत मिटवून घेतात. डांबरावर घसरायला वाव नसतो, त्यामुळे ताण आतल्या आत दांड्यांमध्ये साठत जातो, आणि मग तो छोटा दांडा काही केल्या सुटत नाही. उपाय काय? थोडं मागं जायचं. रिव्हर्स टाकून चार हात मागं गेलं की ताण सुटतो आणि दांडा अलगद निघतो. मेव्हण्यांच्या मते लग्न झालेल्या प्रत्येक माणसानं हे यंत्र एकदा चालवावं.

यातल्या काही सोयी तर अशा आहेत की, त्या काढणाऱ्याला मानव-स्वभावाची चांगलीच जाण असावी. जुन्या जीपगाड्यांचा वायपर विजेवर चालत नसे, इंजिनातल्या हवेच्या ओढीवर चाले. गंमत अशी की, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते. म्हणजे माळशेज घाट, मुसळधार पाऊस, समोरून एसटी, आणि नेमका त्या क्षणी वायपर विश्रांती घेई. उतार लागला, पाऊस थांबला, की तो उत्साहानं काच पुसू लागे. अशी माणसं प्रत्येक खात्यात असतात.

पुढं १९७३ चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला आणि पेट्रोलवरच्या गाड्या दारात हत्ती बांधल्यासारख्या झाल्या. पेट्रोल पिणाऱ्या जीपा ठिकठिकाणी डिझेलवर आल्या, त्या या धसक्यानं. माझ्या सासऱ्यांनी काही वर्षं दम धरला आणि ऐंशीच्या दशकात नकटीच्या पोटात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. डिझेल इंजिनात ती हवेची ओढच नसते, त्यामुळे वायपरनं कायमची निवृत्ती घेतली. तेव्हापासून शेजारी बसणाऱ्यानं काचेच्या आतल्या बाजूची दांडी हातानं फिरवायची, असा घरात दंडक आहे. जावई म्हणून सासुरवाडीत मला जो मान आहे, तो हा. पावसाळ्यात मी नकटीचा वायपर असतो.

इंजिन पोटाशी असल्यामुळे आणखी एक सोय झाली. सासूबाई जेवणाचा डबा त्या पत्र्याच्या पेटीवर ठेवत. घरून गार निघालेलं कालवण नारायणगावच्या टोमॅटोबाजारात पोचेतो वाफाळत असे. उन्हाळ्यात त्याच हिशेबानं आत बसलेला माणूसही वाफाळतो. पण आपल्याला कोणता पदार्थ आवडतो यावर सोय-गैरसोय अवलंबून असते.

तर असं हे वाहन. पंचावन्न वर्षं टोमॅटोचे क्रेट, खताची पोती, गावातली तीन लग्नांची वऱ्हाडं आणि एकदा अडलेली म्हैस वाहून नेलेलं. हे सगळं पाहूनही माझा या नादावर विश्वास बसला नव्हता. तो बसला दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत.

माझे साडू पुण्यात एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी नवी मोठी गाडी घेतली होती. उंची, रुबाब, टायर, सगळं असं की बघणाऱ्याला वाटावं, ही आता थेट हिमालयात निघाली. ती गाडी त्यांनी सगळ्यांना दाखवायला पाणंदीनं मळ्यात आणायची ठरवली. मेव्हणे म्हणाले, "साडूभाऊ, रस्त्यावर लावा, चालत या. पाणंदीत गुडघाभर गारा आहे." साडू हसले. म्हणाले, "अहो, ही एसयूव्ही आहे." दीडशे फुटांवर एसयूव्ही बसली. साडूंनी जोर लावला तशी चाकं जागच्या जागी फिरून पोटापर्यंत खाली गेली आणि पुढच्या काचेवर जुन्नर तालुक्याची काळी माती आली. वायपर मात्र उत्तम चालत होता.

मेव्हण्यांनी खाली वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा मला अशा वेळी क्वचितच दिसतो. त्यावर तिरस्कार नव्हता, डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असतो तसा कळवळा होता. "हिला चारातली दोनच चाकं ओढतात हो," ते म्हणाले, "बिचारीची काय चूक?" मग नकटी आली. मी वायपर. साखळदंड बांधला, पहिला दांडा पडला, दुसरा दांडा पडला. मला वाटलं आता आरोळी होईल, धूर होईल, चिखल उडेल. तसलं काही झालं नाही. म्हातारी माणसं देवळाची पायरी चढतात तशी नकटी चालू लागली. एकेक चाक चाचपत, घाई न करता, पण मागे न येता. साखळी ताणली गेली, आणि ती वीसेक लाखांची गाडी शाळेला न जाणाऱ्या पोरासारखी मागून निमूट येऊ लागली. रस्त्यावर आल्यावर साडूंनी नकटीच्या फाळक्यावर थाप मारली आणि विचारलं, "ही विकता का?"

विकण्याचा प्रश्न तेव्हा चेष्टेचा होता. पण त्यानंतर वर्षभरात तो खरोखरच दारात येऊन उभा राहिला, कारण नकटीचं पासिंग आलं. मालवाहू गाडीला जुनेपणी दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्यात हरित कर, त्यात वाढलेली फी, त्यात धुराची तपासणी. आरटीओच्या एजंटानं नकटीभोवती एक फेरी मारली आणि तो काही बोलला नाही. एजंट गप्प बसला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मग माझ्या ध्यानात आलं की सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नवे नियम केले आहेत. बँकेत काम करणाऱ्या माणसाला परिपत्रकं वाचायची सवय असते, ती अशी उपयोगी पडते. २०२१ च्या जुलैतल्या या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मी उत्साहानं फोन केला. "दादा, नकटी आता पद्मश्री!"

दादांनी नियम वाचून दाखवायला सांगितला. मी वाचू लागलो आणि माझाच आवाज बारीक होत गेला. गाडी बिगर-व्यावसायिक, खासगी वापराची हवी. नकटी मालवाहू. गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नकटीच्या पोटात मॅटाडोर. आणि इतकं करून नोंद झालीच, तर ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या. टोमॅटो न्यायचे नाहीत.

"म्हणजे," दादा फोनवर सावकाश म्हणाले, "जी पन्नास वर्षं गॅरेजमध्ये झोपली, ती व्हिंटेज. आणि जी पन्नास वर्षं राबली, ती भंगार."

नियम करणाऱ्यांचं तसं चुकत नाही. जुन्या गाड्यांचा धूर खरा आहे, आणि राजेरजवाड्यांच्या मोटारी जपायला काही तरी व्यवस्था हवीच. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी पडल्या पडल्या स्वतःची तपासणी केली. दोन दाढांत सिमेंट, डोळ्यांवर जाड काच, पित्ताशय २०१६ साली काढून टाकलेलं. खतावणी लिहिणारा म्हणून जगात आलो, आता संगणकावर बोटं बडवतो. मूळ स्वरूपात मी तरी कुठं आहे? फेरफार करत गेलो म्हणून तर टिकलो. पन्नाशी गाठल्यावर मलाही व्हिंटेजचा नंबर मिळणार नाही, हे त्या नियमांवरून स्पष्ट आहे.

इकडे नकटीला स्थळं येऊ लागली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात हे ऐकून होतो, इथं आधी तीन स्थळं आली.

पहिलं स्थळ भंगारवाल्याचं. त्यानं गाडीकडे पाहिलंच नाही, काट्याकडे पाहिलं. दुसरं स्थळ पुण्याच्या एका शौकिनाचं. गृहस्थ अत्यंत सज्जन. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारून आवाज ऐकला, चासीचा नंबर बॅटरीनं वाचला आणि डोळे मिटून घेतले. २०१९ साली महेंद्रसिंग धोनीनं जोंगा घेतल्यापासून, म्हणजे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या धर्तीवर बनणारी ती दणकट गाडी घेतल्यापासून, जुन्या फोर-व्हील गाड्यांचे भाव ऐकवत नाहीत, असं ते म्हणाले. मॅटाडोरचं इंजिन काढून ते मूळचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन शोधून बसवणार होते, मूळ रंग देणार होते, वर्षातून दोनदा मिरवायला काढणार होते. "लेकीसारखी सांभाळीन," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. तिसरं स्थळ नाशिक रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याचं. त्याला नकटी दारात उभी करायची होती. हौद्यात कुंड्या, डोळ्यांत रंगीत दिवे, आणि बाजूला पाटी: पिठलं-भाकरी.

पैसा तिसऱ्यानं सगळ्यांत जास्त सांगितला. दादा गप्प होते. वहिनी गप्प होत्या, पण त्यांची गप्प राहण्याची तऱ्हा होकाराची होती, कारण अंगण मोकळं झालं असतं. मी जावई, जावयानं अशा वेळी चहा प्यायचा असतो. तेवढ्यात ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांनी ती राबायला आणली हुती. उभी करायला न्हाई. राबतं माणूस एकदा बसवलं, का बसतंच."

माझे सासरे रिटायर झालेला माणूस नव्हते. शेवटच्या आजारात त्यांना दीड वर्ष खाटेवर बसवून ठेवलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. खाटेवरून त्यांना अंगणातली नकटी दिसायची. त्या दीड वर्षाबद्दल घरात कुणी बोलत नाही. त्या दिवशीही कुणी बोललं नाही. हॉटेलवाल्यानं चहा संपवला, शौकिनांनी टोपी घातली, आणि तिघंही गेले.

मग मार्ग निघाला तो असा. रस्त्यावरचं काम नव्या पिकअपकडे गेलं. तिचं कर्ज आमच्याच शाखेतून झालं, हप्ते वेळेवर येतात. टोमॅटो तीच नेते. नकटी रस्त्यावर येत नाही. ती मळ्याच्या बांधाच्या आत असते, जिथं कुणाचं पासिंग लागत नाही. वाफ्यातून शेणखत, विहिरीपासून पाइप, आणि पावसाळ्यात नवी पिकअप पाणंदीत रुतली की तिला फाट्यापर्यंत ओढून द्यायचं काम. सासूबाई ओसरीवरून बघतात. ओढून झालं की "हं" म्हणतात.

परवा दादांनी मला शेतीच्या हिशेबाची वही दाखवली. म्हणाले, "दाजी, नकटीची किंमत काय लिहू?" मी कागद घेतला. हिशेबाला सोपं म्हणून मूळ किंमत वीस हजार धरली आणि दरसाल १५ टक्के घसारा, घटत्या शिलकीच्या पद्धतीनं, पंचावन्न वर्षं. उत्तर आलं २ रुपये ६२ पैसे. या पद्धतीची एक खुबी आम्हांला कॉलेजात शिकवली होती. दरसाल उरलेल्याच्या पंधरा टक्के कमी करत गेलं तर आकडा लहान लहान होत जातो, पण शून्य कधीच होत नाही. परीक्षेत हा मुद्दा दोन मार्कांना असे.

"दोन रुपये बासष्ट पैसे?" दादांनी विचारलं.

मी म्हटलं, "आणखी एक रीत आहे. पूर्ण घसारा झालेली वस्तू वहीतून काढत नाहीत, एक रुपया किंमत दाखवून ठेवतात. तो रुपया खरा नसतो. वस्तू आहे, वापरात आहे, विसरू नका, एवढंच त्यातून सांगायचं असतं."

दादांनी थोडा विचार केला आणि वहीत लिहिलं: नकटी, १ रुपया. मग त्यांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "बारा-तेराचा पाना आणा बरं जरा."